देव पाण्यात कोणी घातले होते?

देशावर संकट असताना निवडणूक आली, की एक आरोप हमखास ऐकू येतो : विरोधक देव पाण्यात घालून बसलेत, देशाचं वाटोळं झालं तरी चालेल, यांना खुर्ची हवी. मला हा आरोप फार घातक वाटतो. चूक दाखवली तर खोडता येते. मनातली इच्छा खोडून काढायची तरी कशी?

1864 चा अमेरिकेतला उन्हाळा. उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धाचं चौथं वर्ष. मे-जूनमध्ये व्हर्जिनियात उत्तरेच्या जनरल ग्रँटचे मृत, जखमी आणि कैद झालेले सैनिक मिळून आकडा 50 हजारांवर गेला होता. युद्धविरोधी डेमोक्रॅट्सना अध्यक्ष लिंकन यांचे पक्षवाले ‘कॉपरहेड’ म्हणत. कॉपरहेड म्हणजे चाहूल न देता डसणारा विषारी साप. ऑगस्टअखेर शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅट्सनी युद्धाचा प्रयोग फसल्याचा ठराव केला. अधिवेशन 31 ऑगस्टला संपलं आणि 2 सप्टेंबरला अटलांटा उत्तरेच्या ताब्यात आलं. देव पाण्यात घातल्याच्या आरोपाला याहून चांगला मुहूर्त कुठला?

पराभवाच्या बातम्यांनी डेमोक्रॅट्सची मतं वाढत होती, हे खरंच. पण फायदा होणं वेगळं आणि तसं व्हावं म्हणून नवस बोलणं वेगळं. त्याच युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापूस बाजारात पैशांचा पूर आला. 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. म्हणून मुंबईकर व्यापारी तिकडची माणसं मरावीत अशी प्रार्थना करत होते, असं आपण म्हणू का? डेमोक्रॅट्सचे उमेदवार मॅक्लेलन तर स्वतः सेनापती राहिलेले. शांततेच्या ठरावाशी त्यांनी फारकत घेतली. तो मान्य केला तर आपल्या जुन्या सैनिकांना तोंड कसं दाखवू, असं त्यांनी लिहून कळवलं.

लिंकन यांचं सरकारही स्वच्छ नव्हतं. ओहायोचे युद्धविरोधी नेते क्लेमेंट व्हॅलंडिगम यांना 1863 मध्ये भाषणासाठी अटक झाली आणि पुढे शत्रूच्या हद्दीत हाकलण्यात आलं. पण त्याच लिंकननी 23 ऑगस्ट 1864 ला एक कागद लिहिला, घडी घालून चिकटवला आणि आत काय आहे हे न सांगता सात मंत्र्यांच्या त्यावर सह्या घेतल्या.

नोव्हेंबरमध्ये लिंकन जिंकले, इलेक्टोरल मतं 212 विरुद्ध 21. 11 नोव्हेंबरला त्यांनी तो कागद बैठकीत काढला. इतका घट्ट चिकटवलेला, की कापूनच उघडावा लागला. आपण बहुधा हरू, असं आत लिहिलं होतं. तसं झालं, तर नवा अध्यक्ष सूत्रं हाती घेईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून देश वाचवणं हे आपलं कर्तव्य. कारण ज्या भूमिकेवर तो निवडून येईल, तिच्यावर उभं राहून त्याला नंतर देश वाचवता येणार नाही. टीका होती ती भूमिकेवर. प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय आहे, याबद्दल त्या कागदात एक शब्दही नव्हता.