शेत एकाचं, सरासरी मंडळाची

वि. म. दांडेकरांचं नाव निघालं की जाणकार मंडळी १९७१ साली त्यांनी नीळकंठ रथांबरोबर केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासाबद्दल बोलतात, नाहीतर विभागीय असमतोलावरच्या १९८४ च्या अहवालाबद्दल. दोन्ही कामं मोठीच. माझा जीव मात्र अडकलाय तो 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त १९७६ साली आलेल्या त्यांच्या पीकविम्यावरच्या लेखात. पाऊस, पूर, कीड यांचा मार मदतीच्या खात्यातून काढून हिशेबाच्या खात्यात कसा आणायचा, हे त्यात आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधल्या माणसाला शेतीचं हे काय वेड, असं लोक विचारतात. विठ्ठलवाडीला गाडीत बसा, अंबरनाथ आणि बदलापूर मागे टाका. वांगणीच्या आसपास अजून भाताची खाचरं दिसतात आणि जवळच उल्हास नदी वाहते. २६ जुलै २००५ ला ती फुगली. २७ जुलै २०१९ ला पुन्हा फुगली, तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस याच पट्ट्यात पाण्यात अडकून पडली होती. अशा पुरात काठचं खाचर गाळाखाली जातं आणि वरच्या अंगाचं भात डुलत राहतं. भरपाई कुणाला, किती आणि कशाच्या आधारावर? या प्रश्नानं मला दांडेकरांपाशी नेलं.

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९२० चा, साताऱ्याचा, पिंड संख्याशास्त्राचा, १९६६ ते १९८० पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, निधन १९९५. योगायोग असा की, पावसावर आधारलेल्या शेतीविम्याची योजना मांडणारं म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींचं पुस्तकही १९२० चंच.

पीकविम्याची मूळ अडचण अशी. प्रत्येक शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजायचं, तर बांधाबांधावर माणूस पाठवावा लागतो. पीक पावसानं गेलं की निंदणीच्या हयगयीनं, हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय ज्याचं शेत बुडणार हे त्याला स्वतःलाच ठाऊक, तोच आधी विमा घेतो. १९७२ पासून जनरल इन्शुरन्सनं असा वैयक्तिक विमा करून पाहिला. १९७८-७९ पर्यंत ३,११० शेतकरी आले, हप्ता ४.५४ लाख रुपये जमला आणि भरपाई ३७.८८ लाखांची द्यावी लागली. त्याआधीच, १९७० साली नेमलेल्या धर्म नारायण समितीनं पीकविमा आपल्याकडे नको, असं सांगून टाकलं होतं.

दांडेकर म्हणाले, एकेका शेताकडे पाहूच नका. सारख्या हवापाण्याचा एक टापू घ्या, त्याचं सरासरी उत्पन्न मोजा आणि ते नेहमीच्या पातळीखाली गेलं तर तिथल्या सगळ्यांना एकाच प्रमाणात भरपाई द्या. यातली खुबी मला दर वेळी नव्यानं आवडते. एकट्याच्या शेतानं टापूची सरासरी हलत नाही. त्यामुळे आळस करून कुणाला भरपाई मिळत नाही आणि राबून जास्त पिकवणाऱ्याची भरपाई कापलीही जात नाही. १९७९ ला या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली. १९८५ पर्यंत सव्वासहा लाख शेतकरी आले, हप्ता १९६.९५ लाख, भरपाई १५७.०५ लाख. हिशेब बसला.

ही सरासरी येते कुठून? पीक कापणी प्रयोगातून. ही पद्धत बसवली संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी, १९४० च्या दशकात. बदलापूरच्या पुढे एका खाचरात मी हा प्रयोग पाहिलाय. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, हाती आलेल्या यादृच्छिक आकड्यांइतकी पावलं लांबीत आणि रुंदीत टाकायची आणि जिथे पोचाल तिथे खुंटी ठोकायची. तिथलं पीक चांगलं असो वा पडलेलं, खुंटी हलवायची नाही. मग दोरी ताणायची, कर्ण मोजून कोपरे काटकोनात आणायचे, आतलं भात कापायचं, झोडायचं, वजन करायचं. नंतर दाणे सुकवून पुन्हा वजन.

दोरी ताणल्यावर भाताचा एक चूड नेमका तिच्यावर आला. आत धरायचा की बाहेर? कापणाऱ्यानं क्षणभर थांबून तो आत घेतला. सुखात्म्यांचा संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी वाद झाला तो नेमका इथे! महालनोबिस लहान गोल तुकडे कापत. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानानं कडा जास्त, कडेवरची रोपं आत ओढण्याकडे हाताचा कल, म्हणून उत्पन्न फुगून दिसतं. आणि विम्यात फुगलेलं उत्पन्न म्हणजे भरपाईला कात्री. त्या एका चुडाला एवढी किंमत आहे.

जगाकडे पाहिलं तर दांडेकर पीकविम्यावर लिहीत होते त्याच काळात अमेरिकेत हॉवर्ड कुनरॉयथर हे अर्थशास्त्रज्ञ, १९६४ च्या अलास्का भूकंपापासून, आपत्तीपुढे माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करत होते. सवलतीतला पूरविमाही लोक घेत नाहीत. आपल्यावर वेळ येणारच नाही असं धरून चालतात, असं त्यांना आढळलं. दांडेकरांनी विमा पीककर्जाला जोडायला सांगितला तो मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो.

पुढे हप्त्याचं गणित बिघडलं. १९८५ च्या सर्वंकष पीकविमा योजनेत तो एक-दोन टक्केच ठेवला; १९९९ पर्यंत ४०३.५६ कोटी जमले आणि २,३०३.४५ कोटी गेले. माझ्या मते यात मोजणीचा दोष नाही, दराचा आहे. महाराष्ट्रात २०२३ ला एक रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपात तो बंद होऊन भरपाई पुन्हा फक्त पीक कापणी प्रयोगावर आली.

मग वांगणीकडच्या त्या काठच्या खाचराचं काय? महसूल मंडळाची, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या टापूची, सरासरी चांगली आली, तर त्याला काहीच नाही. दांडेकरांच्या पद्धतीतली ही खरी उणीव आहे आणि तिचा मार थेट गरिबाला बसतो. टापू सारखा असावा ही त्यांचीच अट होती. नदीकाठ आणि डोंगरउतार एकाच मंडळात कोंबले की ती मोडते. सुखात्मे-पानसे पद्धतीत स्तर पाडून शेतं निवडायची सोय पहिल्यापासून आहे. उल्हासकाठच्या मंडळांत काठाचा आणि उताराचा असे दोन स्तर पाडावेत, प्रयोग दोन्हीकडे वेगळे घ्यावेत आणि सरासरीही वेगळी धरावी. खर्च वाढेल तो थोड्या जादा प्रयोगांचा.