पाणी ओतताना आडनाव विचारत नाहीत

वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा संपल्यावर थोडा वेळ थांबलात, तर कधी कधी बाप्तिस्म्याचा विधी पाहायला मिळतो. धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात, बाळाचे नाव काय ठेवले? मग ते बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. त्यांच्यामागून आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिताही ती करतात. गोव्यात त्यांना माद्रिन आणि पाद्रिन म्हणतात. पुढे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाळाच्या डोक्यावर तीन वेळा पाणी ओतले जाते. त्या वेळी उच्चार होतो तो फक्त बाळाच्या नावाचा. आडनावाचा नाही.

आपल्याकडे आडनाव कळले की समोरच्याची जात, गाव, घराणे सगळे कळल्यासारखे वाटते. म्हणून ही गोष्ट लहान नाही. चर्चच्या नोंदवहीत आडनाव लिहितात, आईवडिलांची नावेही लिहितात. पण ज्या क्षणी हे बाळ देवाचे लेकरू झाले असे कॅथलिक श्रद्धा मानते, त्या क्षणी घराण्याचा प्रश्नच येत नाही.

देवाचे लेकरू होणे म्हणजे काय? सर्व माणसे देवाने आपल्या प्रतिमेत निर्माण केली, असे चर्च मानतेच. बाप्तिस्म्याने जुळणारे नाते सांगण्यासाठी संत पौलाने दत्तकविधानाचा दाखला घेतला. रोमन कायद्यात दत्तक पुत्राला वारसाचे हक्क मिळत. दत्तकाचे मोल मराठी माणसाला सांगायला नको. दत्तक वारस नामंजूर झाल्यावर झाशीत काय घडले, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. पौलाचे म्हणणे असे, की येशू देवाचा पुत्र आहे आणि जो त्याच्याशी जोडला गेला, तो त्याच्याबरोबर वारस झाला.

हे नाते कमवावे लागत नाही. म्हणून तर ज्याने अजून काहीच पुण्य केलेले नाही अशा तान्ह्या बाळालाही हा संस्कार देतात. मूल मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसतील, तर परिचारिका किंवा शेजारीणसुद्धा, मग ती कोणत्याही धर्माची असो, चर्चला अभिप्रेत असलेल्या हेतूने पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते. आणि हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. माणूस वीस वर्षे चर्चकडे फिरकला नाही आणि मग परतला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. तो पापनिवेदन करतो आणि आपल्या जागेवर येऊन बसतो. लेकरू रुसून गेले म्हणून ते परके होत नाही.

पण पिता मिळाला की भावंडेही मिळतात, आणि अवघड भाग तिथून सुरू होतो. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना 'माझ्या' नव्हे, 'आमच्या' पित्याला केलेली आहे. मराठीत चर्चला 'ख्रिस्तसभा' असा सुंदर शब्द आहे. इमारत ते चर्च, माणसे ती ख्रिस्तसभा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) चर्चविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज १९६४ साली संमत केला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचा विषय आहे देवाची प्रजा. पोप, बिशप आणि धर्मगुरू यांच्या अधिकाराचे प्रकरण त्यानंतर, तिसरे येते. आधी सगळे लेकरू, मग कोणाचे काम कोणते, असा हा क्रम आहे.

व्यवहारात तो पाळला जातो का? वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी असे ख्रिस्ती समाज शेजारी शेजारी नांदतात, एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेतात. तरी सोयरीक जुळवताना 'आपल्यातला' आहे का, हे पाहण्याची रीत पुरती गेलेली नाही. देशात इतरत्र चित्र याहून कठोर आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे, हे त्यात मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. चर्चच्या जवळजवळ दोन हजार वर्षांच्या इतिहासात हे इतके उशिरा घडावे, हेही विचार करण्यासारखे आहे.

येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. धाकटा परत येतो, बाप त्याला मिठी मारतो. थोरल्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तो अंगणातच थांबतो आणि बापाशी बोलताना धाकट्याला 'तुझा मुलगा' म्हणतो, 'माझा भाऊ' म्हणत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि त्या 'तुझ्या मुला'च्या जागी 'तुझा भाऊ' असा शब्द ठेवतो. पुढे थोरला घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने देव आपल्याला लेकरू म्हणतो, ही श्रद्धा आहे. शेजारच्या बाकावर बसलेल्याला भाऊ म्हणायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि तेही त्याचे आडनाव कळल्यानंतर.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)