उलांडी एकाच बाजूला का?

मालवणकडच्या काही होड्यांना एका अंगाला, दोन आडव्या वाशांनी जोडलेला लाकडाचा ओंडका असतो. तो म्हणजे उलांडी. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरही अशा होड्या पूर्वापार आहेत, आणि त्या वल्हवणे हा आज तेथील स्थानिक क्लबांचा आवडता खेळ आहे. वायकीकीच्या किनाऱ्यावर १९०८ साली असा एक क्लब निघाला. १९८६ मध्ये हवाई राज्याने याला अधिकृत सांघिक खेळ ठरवले. बारा वर्षांच्या मुलांपासून साठी उलटलेल्यांपर्यंत सारे यात उतरतात.

शर्यतीची होडी सुमारे १३ मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम अर्धा मीटर. सहा जण एकामागे एक बसतात. शेवटचा सुकाणू सांभाळतो. अरुंद होडी पाणी सहज कापते, मात्र एकटी सोडली तर ओंडक्यासारखी गडगडते. म्हणून वेगाचे काम होडीकडे आणि तोल सांभाळण्याचे काम डावीकडच्या उलांडीकडे, अशी ही वाटणी आहे.

होडी डावीकडे कलली की उलांडी पाण्यात दबते आणि प्लावक बल तिला वर ढकलते. हे मुले लगेच सांगतात. पण होडी उजवीकडे कलली तर? उलांडी पाण्याबाहेर येते. प्लावक बल संपते. आता होडीला मागे खेचते ते उलांडीचे वजन, तेही लांबच्या टोकाशी. हा तरफेचा नियम झाला. समजा, उलांडी १५ किलोची आणि होडीपासून दीड मीटरवर आहे. गुणाकार २२.५. सत्तर किलोचा एक गडी उजवीकडे २० सेंटिमीटर झुकला तर गुणाकार १४. उलांडी पुरून उरते. दोघे एकदम झुकले तर २८! होडी स्वतःहून काहीच तोल धरत नाही असे मानले, तर ती उलटणार. शिवाय उलांडी जसजशी वर जाते तसतसे तिचे आडवे अंतर घटते. म्हणजे एकदा सुरू झालेले उलटणे थांबवणे अधिकच अवघड.

अशा उलटण्याला तेथे 'हुली' म्हणतात. नवशिक्यांकडून होडी मुद्दाम उलटवून, ती पुन्हा सुलटी करून पाणी उपसण्याचा सराव करून घेतला जातो. १९५२ पासून मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ६६ किलोमीटरची शर्यत होते. तेथे भर समुद्रात हा सराव जीव वाचवतो.

वर्गात करून पाहण्यासाठी आम्ही एक प्रयोग सुचवतो. बांबूचे उभे चिरलेले, वीतभर लांबीचे अर्धुक घ्या. दोन्ही टोके मेणाने बंद करून ते पाण्यात सोडा. खराट्याच्या दोन काड्यांनी एका बाजूला थर्मोकोलचा तुकडा बांधा आणि दोन्ही बाजूंच्या काठांना आळीपाळीने बोटाने दाबा. मग थर्मोकोलच्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा बांधून पुन्हा दाबा. कोणत्या बाजूला फरक पडला, आणि का, हे आधी मुलांनाच सांगू द्या.