गुणांची सरासरी आणि रुग्णालयाचे दार

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळापलीकडे मारतहळ्ळी हे उपनगर आहे. तेथील वसतिगृहांच्या लहान लहान खोल्यांतून संगणक क्षेत्रातील नोकरदारांच्या जोडीने बाहेरगावचे विद्यार्थीही राहतात. औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी बेळगावहून किंवा सोलापूरहून आलेला एखादा मराठी विद्यार्थी त्यांत आहे, असे आपण समजू. पहिल्या दोन वर्षांत त्याचे दोन विषय राहिले. ते पुढे सुटले, परंतु पाचव्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या गुणांची सरासरी ५४ टक्क्यांवरच थांबली. रुग्णालयातील निवासी प्रशिक्षणाचे दार अशा विद्यार्थ्याला उघडते काय? हे उत्तर तो कोणत्या देशातील दार ठोठावतो, यावर अवलंबून आहे.

प्रशिक्षणाचा उगम

औषधाच्या दुकानात किंवा कारखान्यात काम करणे आणि रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून त्याच्या औषधांचा विचार करणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या केवळ पुस्तकातून येत नाही, हे ओळखून हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात औषधनिर्मात्यांसाठी प्रशिक्षणाचा पहिला उपक्रम सुरू केला. आजच्या निवासी प्रशिक्षणाचे हे बीज होय. १९४२ साली रुग्णालयीन औषधनिर्मात्यांची राष्ट्रीय संघटना तेथे स्थापन झाली, तेव्हा व्हिटनी हेच तिचे पहिले अध्यक्ष झाले. अशा प्रशिक्षणक्रमांना मान्यता देण्याचे काम पुढे याच संघटनेकडे आले.

भारतातील व्यवस्था

आपल्याकडे भारतीय औषधनिर्माण परिषदेने २००८ साली ‘फार्म.डी.’ या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाचे नियम केले. त्यांतील पाच वर्षे अध्ययनाची आणि सहावे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे असते. या वर्षातील सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने तीन अन्य विशेष विभागांत घालवावे लागतात. बी.फार्म. झालेल्यांसाठी याच पदवीचा तीन वर्षांचा मार्ग असून त्याचेही शेवटचे वर्ष असेच असते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. भारतात हे प्रशिक्षण पदवीचाच भाग आहे. त्यासाठी वेगळी गुणस्पर्धा नाही. प्रत्येक विषयात लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळवून जो पाच वर्षे पार करतो, त्याला सहावे वर्ष मिळतेच. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला बंगळूरमध्ये प्रवेशाची चिंता करण्याचे कारण नाही. त्याने चिंता करावयाची ती त्या वर्षाचा उपयोग कसा करावयाचा याची.

परदेशातील स्पर्धा

अमेरिकेत मात्र निवासी प्रशिक्षण पदवीनंतर येते, ते वेतनासह असते आणि त्यासाठी चुरस असते. परदेशी पदवीधरास तेथे प्रथम आपली पदवी समकक्ष असल्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची आणि इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा, अशी अट आहे. म्हणून चार वर्षांच्या बी.फार्म.ला जे दार बंद असते, ते फार्म.डी.ला उघडे असते. त्याशिवाय त्या त्या राज्याचा परवाना लागतो, आणि व्हिसाची जबाबदारी प्रत्येक रुग्णालय घेतेच असे नाही.

तेथील गुणमापन चार अंकांचे आहे. आपले ५४ टक्के त्रैराशिकाने मांडून कोणी २.१६ असा आकडा काढील, तर तो आपल्यावरच अन्याय करील. भारतीय विद्यापीठांत ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, ही गोष्ट परदेशी पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना ठाऊक असते. रूपांतराचे काम त्यांच्यावरच सोपवावे.

काही रुग्णालये किमान सरासरीची अट घालतात. तेथे अर्ज करणे व्यर्थ होय. परंतु अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी आता केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण अशी पद्धत स्वीकारली असल्याने निवड करणाऱ्यांना सरासरीपलीकडे पाहावेच लागते. ते अर्जदाराचे पत्र, त्याचा कार्यवृत्तान्त आणि तीन शिफारसपत्रे वाचतात, व त्यांतून निवडलेल्यांना मुलाखतीस बोलावतात.

जुळणीचे गणित

मुलाखतीनंतर अर्जदार रुग्णालयांची आणि रुग्णालये अर्जदारांची पसंतीक्रमाने यादी देतात. या याद्यांची जुळणी संगणक करतो. या गणिताचा सिद्धान्त डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली मांडला. शॅप्ली यांना त्यासाठी २०१२ साली अल्विन रॉथ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्जदाराला त्याच्या पहिल्या पसंतीच्या जागी तात्पुरते बसविले जाते. त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी आला, तरच तो उठून आपल्या पुढील पसंतीकडे जातो.

यावरून कमी गुणांच्या अर्जदाराने एक धडा घ्यावा. मोठ्या रुग्णालयाचे नाव भीतीपोटी खाली ढकलू नये. ते पहिले लिहिल्याने दुसऱ्या जागेची संधी तिळमात्र कमी होत नाही. पहिल्या फेरीत जुळणी झाली नाही, तर उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते.

कमी सरासरी कशाने भरून निघते

सरासरी लपविता येत नाही. विषय का राहिले, हे पत्रात दोन वाक्यांत सांगावे. सबबींचा पाढा वाचू नये. नंतरच्या वर्षांत गुण चढत गेले असतील, तर ते दाखवावे. मात्र खरा पुरावा रुग्णकक्षातच तयार होतो. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला कोणी मेट्रोनिडॅझोल लिहून दिले, तर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंडे दुर्बल असणाऱ्याला नेहमीची मात्रा विषासमान ठरू शकते. अशी गोष्ट ज्याच्या वेळीच ध्यानात येते, जो ती डॉक्टरांपुढे नम्रपणे पण स्पष्टपणे मांडतो, आणि आपल्या सूचनेचे पुढे काय झाले याची नोंद ठेवतो, त्याच्यापाशी गुणपत्रिकेत न मावणारे काहीतरी असते. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यासाठी काळजीपूर्वक भरलेला प्रत्येक अहवाल हेही असेच काम होय.

शिफारसपत्र मागावयाचे ते हे काम डोळ्यांनी पाहिलेल्या व्यक्तीकडे. ‘विद्यार्थी हुशार आहे’ या मोठ्या पदाधिकाऱ्याच्या वाक्यापेक्षा ‘या विद्यार्थ्याने अमुक रुग्णाची मात्रा वेळीच बदलून घेतली’ हे कक्षातील मार्गदर्शकाचे वाक्य अधिक वजनदार ठरते.

याचा अर्थ गुणांना मोल नाही असा नव्हे. वर सांगितलेले उदाहरण ओळखण्यासाठी औषधगुणशास्त्र पक्के असावेच लागते, आणि जो विषय एकदा राहिला तो नंतर खरोखर आत्मसात केला की नाही, हे मुलाखतीत दोन प्रश्नांत उघड होते. सरासरी ही मागे घडलेल्या गोष्टींची बेरीज असते. सहाव्या वर्षाचे बारा महिने अजून त्या बेरजेत धरलेले नाहीत, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या हाती आज तेच आहेत.