पुसट झालेल्या भाषेची उजळणी

गेल्या पावसाळ्यात श्टुटगार्टहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता. चार वर्षांचा नातू खोलीभर काहीतरी शोधत हिंडत होता. "वो इस्ट माइन बाल?" माझा चेंडू कुठे आहे, असं सारखं विचारत होता. मला पडद्यावर चेंडू टेबलाखाली दिसला आणि तोंडून निघून गेलं, "उंटर डेम टिश!" नातू वाकला, चेंडू उचलून पळाला. लेक मात्र बघतच राहिली. "आई, तुला जर्मन येतं?"

येत नव्हतं, कधीकाळी येत होतं. अकरावी-बारावीला मी जर्मन घेतलं होतं, मार्क चांगले पडतात म्हणून. निकाल लागला आणि वह्या रद्दीत गेल्या. पुढच्या बेचाळीस वर्षांत एक वाक्य बोलायची वेळ आली नाही. तरीही 'उंटर' म्हटल्यावर टेबलाआधीचं 'डेर' हे उपपद बदलून 'डेम' झालं, तेही विचार न करता. त्या रात्री मला झोप लागेना. मी जे विसरले असं धरून चालले होते, ते होतं कुठे?

विसरलेलं जातं कुठे?

या प्रश्नाचं पहिलं शास्त्रीय उत्तर एका जर्मन माणसानेच शोधलं. हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ केल्या. 1885 साली त्याने हे प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. त्याची मोजपट्टी वेगळी होती. किती आठवतं हे न विचारता त्याने पाहिलं, की दुसऱ्यांदा पाठ करताना किती कष्ट वाचतात. एका दिवसानंतर सुमारे 34 टक्के कष्ट वाचत होते, आणि महिन्यानंतरही सुमारे 21 टक्के. म्हणजे यादी आठवत नसली, तरी पहिल्या मेहनतीचा काही भाग आत शिल्लक होता.

हा हिशोब अर्थ नसलेल्या अक्षरांचा होता. खऱ्या भाषेचा हिशोब अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी 1984 मध्ये मांडला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या 733 जणांना त्यांनी तपासलं. त्यांतल्या काहींचं शिक्षण संपून तब्बल 50 वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंचसं गळून जातं, हे खरं निघालं. पण त्यानंतर जे उरतं, ते पुढची पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहतं, वापर नसला तरी. मुळात जे मन लावून शिकले होते, त्यांच्याकडे अर्थातच जास्त उरलं होतं.

दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळेची भांडी काढावीत, तसं हे आहे. काळवंडलेला डबा नवा विकत घ्यावा लागत नाही, चिंच लावून घासावा लागतो. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळेत गेलेले आजोबा असोत किंवा बारावीला फ्रेंच घेतलेली आजची पन्नाशीतली पिढी असो, 'पुन्हा पहिल्यापासून' असं त्यांच्या बाबतीत नसतंच.

आणि वय?

"आता या वयात?" हा प्रश्न मला घरातल्यांपेक्षा माझ्या मनानेच जास्त वेळा विचारला. लहान मुलं भाषा पटकन उचलतात आणि मोठ्यांना ती जमत नाही, हा आपला पक्का समज. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांची डच भाषेतली प्रगती पाहिली गेली. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि प्रौढ माणसं. तीन ते पाच वर्षांची मुलं मागे होती. मोठ्या माणसाला नियम समजतो, तुलना करता येते, आपल्याला काय येत नाही हे कळतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2018 साली जवळपास 6 लाख 70 हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन केलेला अभ्यास सांगतो, की व्याकरण आपसूक अंगी मुरवण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते. उच्चारांचंही तसंच. तेव्हा आपण जर्मन माणसासारखं जर्मन बोलू, ही अपेक्षा सोडावी. पण समजणं, वाचणं, गप्पा मारणं यासाठी ती अपेक्षा लागतच नाही.

आपल्याकडचे दाखले आठवा. 1908 साली मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा लोकमान्य टिळक बावन्न वर्षांचे होते. तिथे त्यांनी जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला, आणि त्याच कोठडीत 'गीतारहस्य'ही लिहिलं. पंडिता रमाबाईंनी मोठेपणी ग्रीक आणि हिब्रू शिकून बायबलचं मूळ भाषांवरून मराठी भाषांतर केलं. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोघांनाही त्या त्या भाषेत काहीतरी नेमकं हवं होतं. प्रौढाला असं नेमकं कारण असलं, की निम्मी वाट सरते.

मराठीची शिदोरी

जर्मन पुन्हा उघडल्यावर मला सर्वांत मोठा आधार मिळाला तो मराठीचा. अकरावीत आम्हाला जर्मन इंग्रजीतून शिकवलं गेलं, त्यामुळे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

जर्मनमध्ये तीन लिंगं: डेर, डी, डास. इंग्रजी बोलणारा इथे गोंधळतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. 'ते मूल' आणि 'डास किंट', दोन्ही नपुंसकलिंगी. मोठ्यांना 'झी' आणि जवळच्यांना 'डू' म्हणायचं, हा 'तुम्ही' आणि 'तू' यांचाच भेद. एकवीसला जर्मन 'एक आणि वीस' म्हणतो. आपणही एक आधी आणि वीस नंतरच म्हणतो. 'मिर इस्ट काल्ट' हे इंग्रजीतून समजून घेताना डोकं शिणतं. मराठीत ते सरळ 'मला थंडी वाजतेय' असं आहे. 'डास गेफेल्ट मिर' म्हणजे 'ते मला आवडतं', अगदी त्याच घडणीचं वाक्य.

जपानी शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा अनुभव याहून गमतीचा आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आणि आपल्या 'चा', 'ला', 'पासून' यांच्यासारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. त्यांच्या मुळाक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न असा जातो, कारण तो बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून घेतलेला आहे. अवघड आहे ते 'कांजी' या चिन्हलिपीचं लेखन. सर्वसाधारण वापराच्या अधिकृत यादीतच 2136 चिन्हं आहेत.

वाचू नका, आठवा

सुरुवातीला मी चूक केली. जुनं पाठ्यपुस्तक मिळवलं आणि धडे वाचत सुटले. वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, पुस्तक मिटलं की पाटी कोरी. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग नेमकं हेच सांगतो. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांच्या लक्षात 40 टक्के मजकूर होता, आठवणाऱ्यांच्या 61 टक्के. आठवण्याचा ताण हाच अभ्यास.

यासाठी उत्तम साधन म्हणजे सेबास्टियान लाइटनर याने 1972 मध्ये सांगितलेली पेटी. मी चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. मराठी वाचून जर्मन मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कार्डावर सुटा शब्द न लिहिता छोटं वाक्य लिहावं. नाम लिहिताना डेर निळ्या शाईने, डी लाल, डास हिरव्या. मोबाइलवर हेच काम 'अँकी' हे अ‍ॅप करतं, पण हाताने लिहिलेलं कार्ड माझ्या जास्त लक्षात राहतं.

रोज नवी कार्डं आठच. कामात गुंतलेल्या माणसाला रविवारचे तीन तास सापडत नाहीत, आणि सापडले तरी टिकत नाहीत. सकाळचा चहा होईपर्यंतची वीस मिनिटं मात्र रोज मिळतात.

कान आणि जीभ

लिहिलेलं कळतं, ऐकलेलं कळत नाही, ही प्रौढांची नेहमीची अडचण. 'डॉइचे वेले' सावकाश वाचलेल्या जर्मन बातम्या देते आणि 'निकोस वेग' ही नवशिक्यांसाठीची चित्रमालिका मोफत आहे. जपानीसाठी 'एनएचके वर्ल्ड'चे पाठ आहेत, फ्रेंचसाठी 'आरएफआय'च्या सोप्या भाषेतल्या बातम्या. एकच बातमी तीनदा ऐकावी. तिसऱ्यांदा निवेदकाच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने बोलत जावं. नवे उच्चारही असेच सोडवावेत. 'ई' म्हणत राहा आणि ओठांचा मात्र 'ऊ'सारखा चंबू करा, की जर्मनमधला दोन टिंबांचा 'उ' येतो.

ट्रॉयचं उत्खनन करणारा हाइनरिश श्लीमान याने तरुणपणी रशियन शिकताना रोज पाठ ऐकायला एक माणूस पगारी ठेवला होता. त्या माणसाला रशियनचं अक्षरही कळत नव्हतं! हे श्लीमाननेच लिहून ठेवलं आहे. ऐकणारं कुणीतरी असलं, की जीभ मोकळी होते. शक्य असेल तर क्लास लावावा तो त्यासाठी. पुण्यात मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज आणि विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट इथे नोकरदार आणि निवृत्त मंडळीही बाकावर दिसतात.

वेळ किती लागेल? अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषकांना पूर्णवेळ अभ्यासाने जर्मनसाठी 36 आठवडे आणि जपानीसाठी 88 आठवडे धरते. आपली शिदोरी वेगळी, आपला वेळही तुटक, म्हणून हा आकडा आपल्याला तंतोतंत लागू नाही. मोठी मजल आहे एवढं त्यावरून समजावं आणि रोजचे आठ शब्द मोजावेत.

मला ऐकणारं माणूस घरातच मिळालं. दोन भाषकांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची, या पद्धतीला युरोपात 'टँडेम' म्हणतात. आता रविवारच्या कॉलवर दहा मिनिटं जर्मन आणि दहा मिनिटं मराठी. मी लिंग चुकवलं की नातू मान हलवून दुरुस्त करतो. परवा त्याने चेंडू मुद्दाम टेबलाखाली ठेवला, कॅमेरा तिकडे वळवला आणि विचारलं, "आजी, चेंडू कुठे आहे?" उत्तर मी जर्मनमध्ये द्यायचं होतं. प्रश्न त्याने मराठीत विचारला होता.