उपग्रहापुढची रांग
आभाळ भरून आले की करकंब परिसरातील द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदी हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रे इन्सॅट उपग्रहामार्फत पुण्याला पाठवतात. केंद्रे शेकडो, वाहिनी मात्र सामायिक. दोन केंद्रांनी एकाच क्षणी संदेश पाठवला, तर दोन्ही बिघडतात.

यावरचा आधीचा उपाय सोपा होता. ठरलेल्या 10 मिनिटांत प्रत्येक केंद्र तोच संदेश वेगवेगळ्या क्षणी 3 वेळा पाठवी. एखादा तरी सुखरूप पोहोचे. नंतरच्या पद्धतीत पंढरीच्या दर्शनबारीसारखी प्रत्येकाची पाळी ठरली. जीपीएसवर घड्याळ जुळवून केंद्र आपल्या क्षणीच बोलते. घड्याळ चुकले, तर आपल्याबरोबर शेजाऱ्याचीही नोंद बुडू शकते. म्हणून पर्जन्यमापकाइतकीच घड्याळाचीही निगा हवी.