प्रीपेड वीज मीटर : फुकट म्हणतात, तर पैसे कोण भरणार?

गेल्या काही महिन्यांत जालन्यातील अनेक दुकानदार आणि कारागीर बांधवांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे. घरचा जुना मीटर काढून नवा बसवतात, त्याचे पैसे मागत नाहीत; मग हा मीटर खरोखरच फुकट आहे काय? आणि उद्या मोबाईलसारखे आधी पैसे भरा, मग वीज वापरा, असे झाले तर आपल्या घरखर्चाचे काय होणार? ज्यांचे घर हेच कारखाना आहे, म्हणजे शिलाईवाले, जरीकामवाले, मोटर भरणारे, गादीवाले, त्यांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. म्हणून या वेळी त्याचा हिशेब मांडत आहोत.

प्रथम या योजनेचे मूळ पाहू. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरण सुधारण्यासाठी 'आरडीएसएस' नावाची योजना मंजूर केली. तिच्यात देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. केंद्राने आपल्यासारख्या राज्यांसाठी दर मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान ठरवले. महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये सुमारे २ कोटी २५ लाख मीटरांची कंत्राटे दिली. त्यांची एकूण रक्कम सुमारे २७ हजार कोटी रुपये होती. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन परिमंडलांचे काम एनसीसी या कंपनीला मिळाले. ते सुमारे २७ लाख ७७ हजार मीटरांसाठी ३,३३० कोटी रुपयांचे होते. आपला जालना जिल्हा याच संभाजीनगर परिमंडलात मोडतो.

आता साधा भागाकार करा. ३,३३० कोटींना २७ लाख ७७ हजारांनी भागले की एका मीटरचे जवळजवळ १२ हजार रुपये होतात. हा आकडा ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. एवढ्यात तर चांगली शिलाई मशीन मोटरसह येईल! पण हे १२ हजार म्हणजे केवळ डब्याची किंमत नव्हे. मीटर बसवणे, त्यातील सिमकार्डावरून आकडे पाठवणे, ते आकडे साठवणारी संगणक यंत्रणा, बिघडल्यास बदलून देणे आणि दहा वर्षांच्या आतबाहेरची देखभाल, हे सर्व त्यात धरलेले आहे. कंत्राटदार आपले भांडवल आधी घालतो आणि महावितरण त्याला हप्त्याहप्त्याने पैसे देते. थोडक्यात, हा मीटर हप्त्यावर घेतलेला आहे. हप्ता मात्र आपल्या नावावर दिसत नाही.

१२ हजारांतून ९०० गेले की ११,१०० उरतात. दहा वर्षांचे १२० महिने धरले तर महिन्याला ९२ रुपये ५० पैसे होतात. हे पैसे कोठून येणार? महावितरणचे म्हणणे असे की, वीजचोरी आणि गळती कमी होईल, थकबाकी राहणार नाही, रीडिंग घेणाऱ्या माणसांचा खर्च वाचेल आणि या बचतीतूनच मीटरचे पैसे फिटतील. वीज ग्राहकांच्या बाजूने लढणारे इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांनी याला उघड विरोध केला. ९०० रुपये सोडून उरलेला बोजा शेवटी वीजदरातून ग्राहकांच्याच माथी येणार, असे त्यांचे म्हणणे आहे.

आमचे मत विचाराल तर महावितरणची बचत झाली तर ती होईल तेव्हा होईल, कंत्राटदाराचा हप्ता मात्र थांबत नाही. बचत कमी पडली तर तूट वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या मागणीत मांडली जाणार, हे कोणत्याही हिशेबनीसाला कळते. आणि यात आपल्या वर्गाच्या दृष्टीने एक गोम आहे, तिच्याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. मीटरची किंमत दर घराला सारखी असते. पण तिची वसुली युनिटच्या दरातून झाली तर ती वापराप्रमाणे होते. समजा, दरात दहा पैसे वाढले. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला दहा रुपये जास्त पडतील. दोन हजार युनिट वापरणाऱ्या वेल्डिंगच्या किंवा बेकरीच्या मालकाला मात्र दोनशे. मीटर दोघांकडे एक-एकच! ज्याच्या धंद्यात वीज हाच कच्चा माल आहे, त्याने हे आधीच मनात धरावे.

सध्याची परिस्थिती काय, हेही सांगितले पाहिजे, कारण बाजारात निम्म्या गोष्टी ऐकीव आहेत. प्रीपेड मीटरला राज्यभर विरोध झाल्यावर जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना हे मीटर लावणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर २०२५ मध्ये 'टीओडी' या नावाने स्मार्ट मीटर घराघरांत बसू लागले. टीओडी म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर. या मीटरसाठी ग्राहकाकडून पैसे घेतले जाणार नाहीत आणि बिल पूर्वीप्रमाणेच वापरानंतर येईल, असे महावितरणने सांगितले. स्मार्ट मीटर कार्यालयातून हुकूम देऊन प्रीपेड करता येतो, त्यासाठी नवा बसवावा लागत नाही. म्हणून प्रीपेडचा हिशेब आजच समजून घेणे शहाणपणाचे आहे.

टीओडीत ग्राहकाचा थोडा फायदाही आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दरांत अशा मीटरच्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढील काही वर्षांत १ रुपयापर्यंत सवलत ठेवण्यात आली. घरी शिलाई करणाऱ्या कारागिराचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे मशीनच्या मोटरपेक्षा इस्त्री जास्त वीज खाते. हजार वॅटची इस्त्री सलग एक तास तापली तर एक युनिट होते. दिवसा तीन तास इस्त्रीचे काम आहे असे समजा; ती तापली की मध्ये मध्ये बंद होते, म्हणून दीड युनिट धरा. महिन्याचे २५ दिवस काम, म्हणजे साडेसदतीस युनिट. ८० पैशांप्रमाणे सवलत झाली ३० रुपये. वर काढलेल्या ९२ रुपये ५० पैशांशेजारी हे ३० रुपये ठेवून पाहा. रात्रीच काम करणाऱ्याला तर तेही नाहीत.

आता मुख्य मुद्दा, सुरक्षा ठेवीचा. आपल्यापैकी बहुतेकांना ही ठेव आहे हेच ठाऊक नसते. वीज कंपनी उधारीवर माल देते, म्हणून तारण घेते. महाराष्ट्रातील नियमाप्रमाणे दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते. वीज कायदा २००३ च्या कलम ४७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, जो ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घेण्यास तयार आहे, त्याच्याकडून कंपनीला अशी ठेव मागता येत नाही. हे उघडच आहे. उधारीच नाही तर तारण कशाचे?

समजा, एका घराचे बिल महिन्याला १,००० रुपये आहे आणि ठेव २,००० रुपये जमा आहे. जानेवारीत वापरलेल्या विजेचे बिल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येते आणि ते २५ तारखेच्या सुमारास भरले जाते. म्हणजे सरासरी ४० दिवसांची उधारी मिळाली, तिची किंमत सुमारे १,३३३ रुपये. ठेवीतून ती वजा केली की त्या घराचे ६६७ रुपये कंपनीकडे अडकून आहेत. हेच घर प्रीपेडवर गेले, ठेव परत मिळाली आणि दर वेळी ५०० रुपयांचे रिचार्ज केले, तर सरासरी २५० रुपयेच अडकतील. येथे ग्राहकाचा फायदा आहे. पण ठेव परत मिळाली नाही तर? मग २,००० अधिक २५०, असे २,२५० रुपये अडकले आणि उधारीही गेली. सगळा खेळ या ठेवीवर आहे.

ज्यांची जोडणी फार जुनी आहे, त्यांचा हिशेब उलटा निघेल. समजा, ठेव केवळ ३०० रुपये आहे. तर आज ते घर कंपनीची हजारभर रुपयांची उधारी वापरत आहे. प्रीपेडमध्ये ती सवलत बंद होईल. आठवडी बाजारावर किंवा सणासुदीच्या गिऱ्हाइकीवर ज्याची कमाई आहे, त्याला हे हजार रुपये लहान नाहीत. बिलावर 'सुरक्षा ठेव जमा' असा रकाना असतो. तो पाहावा आणि आपला हिशेब आपणच मांडावा. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजाचे काय करायचे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मूळ ठेव मात्र हक्काचीच आहे.

पण ठेव कोणाच्या नावावर आहे? जुन्या जालन्यातील किती घरांत बिल आजही दिवंगत आजोबांच्या नावाने येते, हे सांगायची गरज नाही. अंबड, भोकरदन, परतूरकडेही तेच आहे. वारसाची नोंद नाही, घराचे कागद चुलत्याकडे, आणि बिल मात्र नातू भरतो. अशा वेळी ठेव परत मागायला गेले तर कार्यालय पहिला प्रश्न नावाचाच करणार. भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. रिचार्ज भाडेकरू करणार आणि परत आलेली ठेव मालकाच्या खात्यात जाणार. ती कोणाच्या पैशाची होती, ते करारपत्रात आजच लिहून घ्यावे. वारसांनी नाव बदलण्याचा अर्ज आताच द्यावा. गर्दी झाल्यावर असली कामे रेंगाळतात.

एक मीटर आणि तीन भावांच्या तीन चुली, अशीही घरे पुष्कळ आहेत. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिले १०० युनिट स्वस्त, त्यापुढे ३०० पर्यंत महाग, नंतर आणखी महाग. तिन्ही संसारांचे युनिट एकत्र झाले की वरचा टप्पा लागतो. प्रीपेडमध्ये हे अधिक टोचेल, कारण महिन्याच्या सुरुवातीला ५०० रुपयांत जितकी वीज मिळते, तितकी वीस तारखेनंतर मिळत नाही. लोकांना वाटेल मीटर पळतो आहे. प्रत्यक्षात टप्पा बदललेला असतो.

घरातच धंदा करणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. घराच्या काही भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल आणि मागील वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो, अशी तरतूद नियामक आयोगाच्या दर-आदेशांत आहे. स्मार्ट मीटर तासातासाचा वापर नोंदवतो, त्यामुळे दिवसा मोटर चालते हे आता लपत नाही. लपवण्याचे कारणही नाही. मर्यादेत राहा आणि नियम दाखवा.

आणि वीज तोडण्याचे काय? आज बिल थकले तर कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की मीटर आपोआप बंद होऊ शकतो. नोटीस नाही, माणूस नाही. रमजानमध्ये सहरीच्या वेळी दिवा गेला तर रिचार्ज कोठे शोधायचे? ब्रिटनमध्ये पूर्वी मीटरच्या खाचेत शिलिंगचे नाणे टाकून वीज आणि गॅस घेत असत. तेथे आजही प्रीपेड ग्राहक आहेत, पण रात्री आणि सुट्टीच्या दिवशी शिल्लक संपली तरी पुरवठा तोडला जात नाही. २०२३ मध्ये थकबाकीदारांच्या घरांत जबरदस्तीने प्रीपेड मीटर बसवल्याचे उघड झाल्यावर तेथे असे मीटर बसवणे काही काळ थांबवावे लागले. आपल्याकडे प्रीपेड येईल तेव्हा रात्रीच्या सवलतीची मागणी पहिली असावी, असे आम्हाला वाटते.

नवा मीटर जास्त युनिट दाखवतो, अशी शंका असेल तर भांडत बसू नये, लेखी तक्रार द्यावी. ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर तपासला पाहिजे. तक्रारीची पोच घ्यावी. पोच नसेल तर पाच दिवस कोठून मोजणार? दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. जुनी थकबाकी दाखवून कोणी अडवले तर तीही तपासावी. दोन वर्षांपूर्वीची रक्कम बिलात सतत दाखवलेली नसेल तर ती वसूल करता येत नाही, असे कलम ५६ सांगते.

जुना मीटर काढताना त्यावरील शेवटच्या आकड्याचा आणि नव्या मीटरवरील पहिल्या आकड्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा, आणि मागील बारा महिन्यांची बिले एका पिशवीत जपून ठेवावीत. पुढचे बिल आले की प्रथम युनिट जुळवावेत, नंतर ठेवीचा रकाना पाहावा.